उंबऱ्यावरची राख

कोठाराच्या उंबऱ्यावर राख पसरण्याची कल्पना जज्जकाकांची होती; ती राख चाळून आणण्याचे काम मास्तरांच्या थोरल्या लेकीकडे, थोरलीकडे, आले. या घरात कल्पना आणि कामे यांची वाटणी पहिल्यापासून अशीच होती. त्याविरुद्ध कोणी कधी तक्रार केली नाही, कारण जिने करायची तिला सवड नसे.

चुलीतली राख तिने पिठाच्या चाळणीतून काढली. कोळशाचे खडे बाजूला सारले आणि उरलेली पुन्हा फडक्यातून गाळली. जज्जकाकांनी तिची चिमूट बोटांत घेऊन, उजेडाकडे धरून, पुराव्याची वस्तू पाहावी तशी पाहिली.

"अजून बारीक हवी. मांजर गेलं तरी उमटलं पाहिजे."

"मांजर गव्हाची चोरी करत नाही," मास्तर ओसरीवरून म्हणाले.

"दूध मिळतं तोवर नाही करत, दादा. उपाशी ठेवून बघ. माझ्यापुढे उभी राहिलेली माणसंही आधी दूधच पीत होती."

दोघे भाऊ हसले. थोरली फडके झटकून पुन्हा खाली बसली.

मास्तरांनी उभा जन्म गावच्या शाळेत काढला होता. माणूस मुळात चांगला असतो, शिक्षण त्याच्या आतला दिवा फक्त पुसून देते, हे त्यांचे मत. आणि काच पुसायला ते छडी वापरत. धाकटे भाऊ न्यायाधीश होऊन निवृत्त झालेले. माणूस जन्मतःच लबाड असून शिक्षणाने तो फक्त नीटनेटकी लबाडी करू लागतो, असे त्यांना आयुष्यभराच्या साक्षीपुराव्यांवरून वाटे. मुलाच्या घरात आपली खुर्ची दर महिन्याला दाराच्या जरा जवळ सरकते आहे, हे ध्यानात आल्यावर ते गावी राहायला आले होते. तेव्हापासून ओसरीवर रोज संध्याकाळी मनुष्यस्वभावाचा खटला चाले. साक्षीला जगातले सगळे ग्रंथ येत. चहा थोरली आणी.

ती चौथीत असताना तिची आई गेली. मास्तरांनी तिला जवळ घेऊन सांगितले होते, "आजपासून घर हीच तुझी शाळा." त्याच वर्षी तालुक्याच्या सभेत त्यांनी मुलींच्या शिक्षणावर भाषण केले आणि ते फार गाजले. त्या दिवशी त्यांनी घातलेला सदरा तिने धुतला होता. धाकटी बहीण शिकली, नोकरीला लागली, लांब गेली. थोरली या शाळेतून कधी उत्तीर्ण झाली नाही, कारण इथे वरचा वर्ग नव्हता.

तिच्याजवळ एकच गोष्ट होती, आणि तीही तिची नव्हती. ती म्हणजे टेकाडाखालची वरची पट्टी. जमीन दोघा भावांच्या सामाईकीतली. पण दगड वेचून, बांध घालून, नांगरून ती जमिनीसारखी केली थोरलीने. नांगराचा फाळ डाव्या पायावर पडून तिची करंगळी गेली तीही तिथेच. त्या पायाचा ठसा गल्लीत कोणीही ओळखला असता. मास्तर गेल्यावर घर कोणाकडे जाईल आणि त्या घरात आपण कोण असू, हे तिला माहीत होते. पट्टी असली तर ती कोणाची तरी मोलकरीण होणार नव्हती. इतकाच तिचा हिशेब होता, आणि तो तिने कोणाला बोलून दाखवला नव्हता.

जज्जकाकांना पट्टी वीटभट्टीवाल्याला विकायची होती. मास्तर सही देत नव्हते.

लागोपाठ दोन सुग्या बुडाल्या होत्या. या वर्षी गहू बरा आला, तर ऐन काढणीत पावसाने गाठला. शेतातून आणला तेव्हा दाणा मुठीत दाबला तर चिकटत होता. बियाण्यापुरता वेगळा काढून थोरलीने तो एकदा अंगणात वाळवला आणि आभाळ भरून आले. मग कोठारातल्या मातीच्या कणगीत भरून ठेवला. ऊन पडेल तेव्हा बाहेर काढायचा, नाही पडले तर निदान कोपरापर्यंत हात घालून खालीवर करायचा, असे तिने ठरवले होते. आभाळ झाकलेलेच राहिले. पाऊसही नाही, ऊनही नाही. ओल्या गोधडीखाली झोपल्यासारखी हवा.

गल्लीत चुली एक दिवसाआड पेटू लागल्या. तेव्हा जज्जकाका म्हणाले, "कोठाराला कुलूप घाल, दादा. दार गल्लीत उघडतं."

"या कोठाराला कधी कुलूप लागलेलं नाही. गल्लीतला एकेक माणूस माझ्या हाताखालून गेलाय."

"म्हणूनच म्हणतो."

त्या शब्दावरून पैज लागली. पेरणीची ओल होईपर्यंत दाराला नुसती कडी. उंबऱ्यापासून कणगीच्या बुडापर्यंत राख. घरातले, बाहेरचे, कोणीही आत पाऊल टाकायचे नाही. राखेवर पाऊल उमटले तर मास्तरांनी विक्रीच्या कागदावर सही करायची. नाही उमटले तर जज्जकाकांनी पट्टीतला आपला हिस्सा सोडायचा आणि सबंध पट्टी थोरलीच्या नावावर व्हायची.

थोरली दारात भांडे घेऊन उभी होती. स्वतःचे नाव ऐकून तिला क्षणभर वाटले, घरात दुसरी कोणी थोरली आहे.

"आणि बी उलथायला?" तिने विचारले.

जज्जकाकांनी मांडीवर थाप मारली. "बघ! राख पडायच्या आधीच पहिला अर्ज आला. तोही घरातून."

"काका, गहू ओला भरलाय. हलवला नाही तर तापेल."

"मग तू आत जाणार. राखेवर पाऊल पडणार. ते तुझं की तुझ्या मागून गेलेल्या कोणाचं, कसं ठरवायचं?"

"मी सांगेन ना, माझं म्हणून."

"बाळ, आरोपीच्या सांगण्यावर निकाल लागत नाही."

"मग तुम्ही दोघं जा. मी बाहेरून सांगते कसं करायचं."

"परीक्षकांनीच उत्तरपत्रिकेला हात लावायचा?" मास्तर दुखावल्यासारखे म्हणाले. "थोरले, हा नुसत्या गव्हाचा प्रश्न नाही गं. थोडी कळ काढ. शेवटी पट्टी तुझीच होणार आहे."

रोज सकाळी आणि संध्याकाळी जज्जकाका कडी काढत आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून राख पाहत. पहिल्याच दिवशी त्यांनी काठीच्या टोकाने राखेवर आपली सही काढून ठेवली होती, लांब शेपटीची. ती सही उभ्या आयुष्यात कोणाला वठवता आली नव्हती, असे ते अभिमानाने सांगत.

गल्लीला हे कळायला वेळ लागला नाही. लोक पलीकडच्या कडेने जाऊ लागले. कोठाराच्या भिंतीला टेकून बसायची म्हाताऱ्यांची जुनी जागा मोकळी पडली. शेजारची सुतारीण पाणी भरताना थोरलीला म्हणाली, "ताई, आमच्या पायांची मापं हवी होती तर सरळ मागायची. चपला तरी शिवून मिळाल्या असत्या."

"मी नाही टाकली राख."

"चाळली कोणी? इतकी बारीक पुरुषाच्या हातून नाही निघत." तिने हंडा कमरेवर घेतला. तिच्या हाताची हाडे मनगटाशी वर आली होती. "मास्तरांनी मला खरं बोलायला शिकवलंय, छडीनं. तर खरं सांगते. कालपासून आमच्या घरात चूल नाही. आणि तुमच्या त्या दाराकडे बघायचीही मला शिसारी येते."

थोरलीचा हंडा भरून वाहत होता. तो बाजूला घ्यायचे तिला सुचले नाही.

कोठाराला मागच्या बाजूला गजांचा एक झरोका होता. गोठ्यात शेण भरताना ती तिथे थांबे. पहिल्यांदा नुसता धान्याचा वास आला. मग त्यात गोडसरपणा आला, आजाऱ्याच्या तोंडाला येतो तसा. एके दिवशी तिने गजांतून हात आत घातला आणि कणगीच्या अंगाची ऊब बोटांना लागली. व्यायला आलेल्या गाईजवळ उभे राहावे तशी.

ती तडक ओसरीवर गेली. हात शेणाने भरलेलेच होते.

"बाबा, बी तापलंय."

मास्तरांच्या हातातले पुस्तक खाली आले. "म्हणजे तू आत गेलीस?"

"नाही."

"मग तुला कसं कळलं?"

"झरोक्यातून वास येतो."

मास्तर उठले. थोरलीला वाटले ते झरोक्याकडे जातील. ते कोठाराच्या दाराशी गेले, कडी काढली आणि वाकून राख पाहिली. उंबऱ्यापासून कणगीपर्यंत, सावकाश, चुका शोधायची सवय झालेल्या डोळ्यांनी. सही जागच्या जागी होती. त्यांचा चेहरा निवळला.

"नाही गेलीस," ते म्हणाले. "मला ठाऊकच होतं."

वास त्यांना आला नाही. निदान त्यावर ते काही बोलले नाहीत. थोरलीने गोठ्यात परत जाऊन उरलेले शेण भरले. त्या दिवसानंतर गव्हाविषयी ती घरात बोलली नाही. संध्याकाळच्या खटल्यात मास्तर नवा मुद्दा मांडत होते: विश्वास टाकला की माणूस विश्वासाला पात्र होतो. दाखला म्हणून त्यांनी तिचेच उदाहरण दिले. ती चहा देऊन आत गेली.

दुपारी दोघे भाऊ ओसरीवर आडवे झाले की घर तिच्या एकटीच्या ताब्यात असे. अशाच एका दुपारी तिने कोठाराची कडी काढली. गल्ली रिकामी होती. समोर राख पसरलेली, सपाट, मऊ, सायीसारखी. तिच्यापलीकडे कणगी. एवढे चालून जायचे, कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा दाणा वर आणायचा. बाहेर घेऊन दोन दिवस पसरला असता तर कदाचित निम्मा वाचला असता.

तिने डावा पाय उचलला आणि उंबऱ्यावर अधांतरी धरला. पट्टी राखायची तर बी मरणार. बी राखायचे तर पट्टी जाणार. हे गणित दोन विद्वानांनी मिळून तिच्यासाठी मांडले होते आणि ते आपण मांडले आहे याची दोघांनाही कल्पना नव्हती. एक घोरत होता, दुसऱ्याच्या छातीवर उघडे पुस्तक होते. बी कोणाकडून तरी उसने मिळेल, तिने विचार केला. जमीन उसनी मिळत नाही. मांडी भरून येईपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग पाय मागे घेतला, कडी लावली आणि जात्याशी जाऊन बसली. दळताना तिचे हात कोपराखाली बधिर झाले. ते रात्रीपर्यंत तसेच होते, आणि पुढेही त्यांत जीव पुरता आला नाही.

मग पाऊस झाला. दोन दिवस बेताने पडला आणि थांबला. जमिनीत बोट घातले तर दोन पेरांपर्यंत ओल लागत होती.

मास्तरांनी गल्ली बोलावली. लोक आले, मास्तरांनी बोलावले की जायचे ही शाळेतली सवय त्यांच्या पायांत राहिली होती. जज्जकाकांनी कडी काढून दार सताड उघडले. राखेवर सही जशीच्या तशी होती, तिची शेपटीसुद्धा. जज्जकाका मागे वळून मोठ्याने म्हणाले, "हरलो. निकाल मान्य. पट्टीवरचा माझा हक्क सोडला." त्यांच्या आवाजात मोठेपणा होता आणि तो खोटा नव्हता.

 मास्तर डोळे पुसून म्हणाले, "मी काही तुमची परीक्षा घेतली नाही. मी माझीच घेतली." लोकांनी खाली पाहिले. सुतारीण पदर तोंडाशी धरून उभी होती. "थोरले, तू हो पुढे. आत जायचा पहिला मान तुझा."

थोरली राखेवरून चालत गेली. जज्जकाकांची सही तिच्या टाचेखाली आली. तिने कणगीचे झाकण उचलले.

वाफ आली. वरचा थर पांढऱ्या मुळ्यांनी एकमेकांत विणला गेला होता. घोंगडी उचलावी तसा तो अख्खा हातात आला. त्याखाली काळे. त्याखाली हिरवट बुरशीचे ढेकूळ, आणि ढेकळात सोंडकिडे. तिने कोपरापर्यंत हात घातला. हाताला ऊब लागत असेल असे तिला वाटले. नक्की कळले नाही. बुडाशी सापडलेला एक दाणा तिने दातांखाली धरला. तो आवाज न करता दबला.

वास दारापर्यंत पोहोचल्यावर लोक एकेक करून निघून गेले.  हसले कोणीच नाही.

"हे वाईट झालं," मास्तर म्हणाले.

"फार वाईट," जज्जकाका म्हणाले. ते राखेकडे पाहत होते. "पण दादा, एक शंका आहे. ही माणसं आत गेली नाहीत ती चांगुलपणानं, की अपमान झाला म्हणून?"

"अपमान कसला?"

"संशयाचा. आणि समजा अपमानानंच गेली नसतील, तर स्वाभिमान हा सद्गुण म्हणायचा की नुसता अहंकार?"

मास्तरांचे डोळे चमकले. "सुंदर प्रश्न आहे," ते म्हणाले. "बसून बोलायला हवा. थोरले, थोडा चहा टाक."

तिने हात धुतले आणि चहा टाकला.

नवे हेडमास्तर मुलांना घेऊन कोठार पाहायला येणार होते, म्हणून राख तशीच ठेवायचे मास्तरांनी सांगितले होते. थोरलीने ती संध्याकाळी केरसुणीने गोळा केली. सडके बी उकिरड्यावर नेले, कणगी खरवडली. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी विचारले, "राख कुठे गेली गं?"

"भांड्यांना लागली."

"अगं, पण ती..." मास्तर थांबले. "छान बारीक होती," ते म्हणाले.

पट्टी तिच्या नावावर झाली. जज्जकाका शब्दाला जागले. स्वतः कचेरीत गेले आणि कुठे अंगठा लावायचा ते तिला दाखवू लागले. तिने सही केली. चौथीतल्या अक्षरात, रेघेला धरून.

मग ती बी मागायला निघाली. वरच्या आळीत मिळाले नाही; ज्याच्या त्याच्याजवळ आपल्यापुरते होते. बाजारातले बी केव्हाच संपले होते. शेवटी ती सुतारणीच्या दारात उभी राहिली. सुतारणीच्या घरात बियाण्याचे गाडगे होते हे सगळ्यांना ठाऊक होते. चूल विझलेल्या दिवसांतही त्याला हात लागला नव्हता.

"पास झालो ना आम्ही?" सुतारीण म्हणाली. "मास्तर रडलेसुद्धा. मग पुन्हा कशाला आलीस?"

"एका पट्टीपुरतं. सुगीला दुप्पट देईन."

"उरणार नाही गं, ताई. उरलं असतं तरी दिलं नसतं. उगाच गोड कशाला बोलू?" ती थोडा वेळ थोरलीच्या हातांकडे पाहत राहिली. "बी मागू नकोस. तुझी बैलजोडी घेऊन ये, आमचं रान पेरून दे. सुगीला वाटा देईन, खाण्यापुरता."

"उद्या येते," थोरली म्हणाली.

सुतारणीचे रान पट्टीला लागून होते. मध्ये फक्त तिनेच घातलेला बुटका बांध. थोरलीने पेरणीची पाभर धरली, बैल हाकले. सुतारीण शेजारून चालत पाभरीवरच्या चाड्यात मूठमूठ बी सोडत होती आणि दाणे नळ्यांतून ओल्या सरीत जात होते.  जमिनीतून गार वाफ येत होती. बैलांच्या मानेवरचे जुने घट्टे पुन्हा ओले झाले होते.

बांधाच्या पलीकडच्या टोकाला मास्तर नव्या हेडमास्तरांना घेऊन आले होते. जज्जकाका काठी टेकून मागे. "ही ती पट्टी," मास्तरांचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता. "केवळ विश्वासाच्या बळावर राखलेली."

"रिकामी दिसते," हेडमास्तर म्हणाले.

"या वर्षी विश्रांती."

सरीचे टोक आले. बैलांना वळायचे ठिकाण ठाऊक होते. वर्षानुवर्षे ते इथूनच पट्टीत वळत आले होते. बांध ओलांडून त्यांनी पाभर पट्टीत ओढली. थोरली कासरा खेचायला चुकली. हातांना तो लागलाच नाही. सुतारणीची मूठ चाड्यावरच होती. चार पावले पेर पट्टीत पडली.

"अगं, थांबव!"

बैल थांबले. सुतारीण खाली बसली आणि ओल्या मातीतून बोटांनी दाणे वेचू लागली. थोरलीही बसली. तीही वेचू लागली. मातीचा कण बाजूला करायचा, दाणा उचलायचा, पुसून दुसरीच्या ओच्यात टाकायचा.

"पाहिलंत?" बांधावरून मास्तर म्हणाले.  "कोणी सांगितलं नाही, कोणाचा पहारा नाही. तरी एकीचा दाणा दुसरी ठेवून घेत नाही. हे कोणत्या शाळेत शिकवतात?"

"तू शिकवलंस की, दादा," जज्जकाका म्हणाले. या खेपेला त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती.

सुतारीण वेचायची थांबली. तिने ओचा धरला आणि थोरलीच्या डाव्या पायाकडे पाहिले. तो मातीत घट्ट रोवलेला होता, मघापासून एकाच जागी. तिथे तो पडला होता की तिने ठेवला होता, हे थोरलीने स्वतःला विचारून पाहिले. उत्तर आले नाही. तळव्याला दाणे लागत होते की खडे, तेही कळत नव्हते.

"पाय काढ, ताई," सुतारीण हलक्या आवाजात म्हणाली, बांधावर ऐकू जाऊ नये म्हणून.

थोरलीने पाय उचलला. खाली तीन-चार दाणे मातीत दबले होते. सुतारणीने ते नखाने उकरून काढले, फुंकर घालून ओच्यात टाकले आणि उठली. करंगळी नसलेले पाऊल ओल्या मातीत स्वच्छ उमटले होते. थोरलीने बैल वळवले आणि पाभर सुतारणीच्या रानात घेतली.